आधी सावली, मग पाणी : कुहीचा उन्हाळा

नागपूरच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर कुही हे तालुक्याचे गाव आहे. नागपूरहून नागभीडला जाणारी छोटी नॅरोगेज रेल्वे २०१९ पर्यंत याच गावावरून धावत असे. तालुक्याच्या एका कडेने वैनगंगा वाहते. आंभोरा येथे पाच नद्यांचा संगम असून त्याच्या काठी चैतन्येश्वराचे पुरातन देवस्थान आहे. पुढे गोसेखुर्दचे धरण झाले आणि त्याचा जलसाठा तालुक्यातील कित्येक गावांच्या शिवारात शिरला. नकाशा पाहणाऱ्यास हा प्रदेश पाण्याने समृद्ध वाटतो. मात्र मे महिन्यात येथल्या अंगणात उभे राहिले, की नकाशावरचे पाणी आणि रोपट्याच्या मुळाशी पोहोचणारे पाणी यांतील अंतर लक्षात येते.

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो आणि नवतपा सुरू होतो. या नऊ दिवसांची धास्ती माणसांइतकीच तुळशीला आणि मोगऱ्यालाही असते. बाजारपेठेतील घरांची रचना बहुधा सारखीच असते: पुढे दुकान, मागे किंवा वर राहते घर आणि गच्चीवर कुंड्यांची एक ओळ. त्या ओळीतील निम्मी रोपे मृगापर्यंत टिकत नाहीत, तेव्हा ‘पाणी कमी पडले’ असे म्हटले जाते. बहुतेक वेळा कमी पडलेली असते ती सावली.

विदर्भातल्या जुन्या जाणत्यांनी हे केव्हाच ओळखले होते. रामटेकला भगवान शांतिनाथांच्या दर्शनास जाणाऱ्यांना त्या परिसरातील बारई समाजाच्या पानमळ्यांची ओळख असेल. नागवेलीसारखी नाजूक वेल या उष्ण प्रदेशात जगते, कारण ती आधी आच्छादित मांडवाखाली घेतली जाते आणि मग तिला थोडे थोडे, वारंवार पाणी दिले जाते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सावली, मग पाणी. गच्चीवर अर्धे ऊन अडवणारी हिरवी जाळी हेच काम करते. जाळी नसेल तर बांबूचा तट्टा पश्चिमेच्या बाजूस उभा करावा. दुपारनंतरचे ऊन सर्वाधिक जाळते आणि ते तिकडूनच येते.

दुसरी सावली मातीला हवी. कुहीच्या शिवारात कापूस आणि सोयाबीन आहे, तसेच धानही आहे. त्यामुळे तणस आणि कुटार या दोन्ही वस्तू येथे सहज मिळतात. कुंडीतील मातीवर त्यांचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा. खोडाभोवती मात्र थोडी जागा मोकळी ठेवावी. बाष्पीभवन कमी होते आणि मुळे भाजत नाहीत. या भागातील काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते. वरून ओतलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते. बाहेरून कुंडी भिजलेली दिसते, आत मुळे कोरडीच राहतात. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या टोपल्यात ठेवावी. पुढच्या वेळी माती भरताना तीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे.

कुंडीची निवडही विचारपूर्वक करावी. काळ्या प्लास्टिकची कुंडी ऊन शोषून तापते. खापराची कुंडी सच्छिद्र असल्याने माठाप्रमाणे गार राहते; तिला पाणी थोडे अधिक लागते, हे मान्य करावे. कोणतीही कुंडी तापलेल्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर ठेवावी. कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्या तर एकीची सावली दुसरीला मिळते.

पाणी पहाटे द्यावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या आपल्या घरांत संध्याकाळचा वेळही मोकळा असतो. तेव्हा पुन्हा एकदा पाहणी करावी. गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी कढत झालेले असते, ते मुळांना देऊ नये. दुपारी पाने माना टाकतात, तेवढ्यावरून घाबरू नये. मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. ओल असेल आणि संध्याकाळी पाने सावरत असतील, तर रोपाला पाणी नको, विसावा हवा आहे. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी काटकसर म्हणून झाडांना घातले जाते. परंतु पाणी उडून गेल्यावर क्षार मागेच राहतात आणि तेच मुळांशी साचतात. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याचेही तसेच आहे. या दिवसांत रासायनिक खत देऊ नये, कुंडी बदलू नये आणि मोठी छाटणी करू नये. कोरड्या उष्म्यात पानांच्या मागे लालकोळी वाढते. विष फवारण्याचा विचार करण्याआधी रोज पहाटे पानांच्या मागील बाजूस पाण्याचा शिडकावा करावा. हवा दमट राहिली की ही कीड कमी वाढते.

लग्नसराई किंवा तीर्थयात्रेसाठी घर आठ-दहा दिवस बंद ठेवावे लागते. तेव्हा कुंड्या सावलीत एकत्र ठेवून मध्ये पाण्याचे भांडे ठेवावे आणि त्यातून प्रत्येक कुंडीत जाड सुती वात सोडावी. जमिनीतील रोपासाठी मातीचा साधा, रंग न दिलेला माठ गळ्यापर्यंत पुरावा. भोवतालची माती कोरडी असेल तितके पाणी झिरपते; ओली झाली की झिरपणे मंदावते. ही रीत चीनमधील इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील कृषिग्रंथातही सांगितलेली आहे. माठावर झाकण अवश्य ठेवावे, म्हणजे डास होत नाहीत आणि कोणताही जीव आत पडून मरत नाही.

हा सारा खटाटोप चार फुलांसाठी आहे काय? गोसेखुर्दच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांना विचारावे. गावाबरोबर त्यांच्या अंगणातले कडुनिंब, आंबे आणि चिंचाही गेल्या. पुनर्वसनाच्या वसाहतीत घर वर्षभरात उभे राहते. झाडाची सावली उभी राहण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. नव्या अंगणातील रोपटे पहिले दोन उन्हाळे जगले, तरच पुढच्या पिढीला तो गारवा मिळतो. आपण व्यापारी माणसे. जवळजवळ प्रत्येक वस्तूचा भाव आपल्याला ठाऊक असतो. पंधरा वर्षांची सावली मात्र कोणत्याही पेढीवर रोखीने वा उधारीने मिळत नाही. ती आजच्या एका रोपाला तट्ट्याचा आडोसा, मूठभर कुटार आणि पहाटेचे तांब्याभर पाणी देऊनच जमवावी लागते.