सात मायक्रॉन आणि पंचेचाळीस दिवस

मायको सर्कलवरून आपण रोज जातो. हे नाव ज्या कंपनीवरून पडलं (आताची बॉश), तिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे नोझल बनत आले. नोझलमधली सुई आणि ती ज्यात सरकते ते भोक, यांच्यात फट असते दोन-चार मायक्रॉनची. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. एका नोझलची सुई दुसऱ्यात चालत नाही, जोडी लागली की लागली.

मोठ्या कारखान्यांच्या जॉबवर्कवर सातपूर-अंबडमध्ये किती शेड उभे राहिले. त्यातला एक माझ्या मामाचा. बारावीनंतरच्या सुट्टीत मी तिथे पिना मोजायला बसलो होतो. पत्रकारितेचा डिप्लोमा नंतरचा!

ड्रॉइंगवर लिहिलेलं असायचं ४० एच-सिक्स. म्हणजे पिनेचा व्यास ४०.००० च्या वर नको आणि ३९.९८४ च्या खाली नको. मधले १६ मायक्रॉन ही तुमची चुकायची परवानगी. वर जास्त भरलं तर परत ग्राइंडिंगला लावता येतं. खाली गेलं की थेट भंगार.

मे महिना, वर पत्रा, डिलिव्हरीची घाई. मशीनवरून उतरलेली पिन मी हाताला गरम लागत असतानाच मोजायचो. ३९.९९० दिसलं की ओके. माल गेला आणि आठवड्यात अर्ध्याहून जास्त लॉट परत आला. अंडरसाइज.

मामा माझ्यावर ओरडला नाही, म्हणून जास्त लागलं. त्याने एक पिन रात्रभर टेबलावर ठेवली आणि सकाळी माझ्याकडूनच मोजून घेतली. ३९.९८३. "लोखंड पण फुगतं रे बाबा." ४० मिलिमीटरचं स्टील १५ अंशांनी तापलं तर जवळपास सात मायक्रॉन वाढतं. म्हणून जगभर माप २० अंश सेल्सियसला धरतात, ड्रॉइंगवर लिहिलेलं नसलं तरी. पार्टीकडे एसी खोली होती. आमच्याकडे टेबलफॅन.

फिनिशचंही तसंच. पिनेवर ऑइल सील बसायचं. खरखरीत राहिली तर सील खाते, आणि आरशासारखी केली तर तेल धरत नाही. लोकांना वाटतं जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. तसं नाही, त्यालाही खालची-वरची हद्द असते. मामा मीटर लावायच्या आधी नख फिरवून सांगायचा, चाक ड्रेस करायला झालंय.

तो लॉट नाकारला ते बरोबरच होतं. चूक माझी होती, एका मायक्रॉनची असली तरी. डेबिट नोट चौथ्या दिवशी आली. पण आधीच्या, पास झालेल्या मालाचं बिल? ते पाच महिन्यांनी निघालं. तोवर मामीच्या पाटल्या बँकेत होत्या.

आता शेड मामेभाऊ चालवतो. त्याने मोजायची खोली एसी केली, कर्ज काढून. रिजेक्शन जवळपास नाही. बिलं मात्र तशीच. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म-लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही आलंय, मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च वजा धरत नाहीत. तक्रारीला पोर्टल आहे. "कर की तक्रार," मी म्हटलं. तो हसला. "दादा, तक्रार करीन. पुढची ऑर्डर तू देशील का?"

मला उत्तर आलं नाही.

पिनेला १६ मायक्रॉनची हद्द घालणाऱ्यांना बिलाची तारीख ४५ दिवसांत बसवता येत नाही, हे मला पटत नाही. अकाउंट्समध्ये काय उष्णतेने दिवस फुगतात?

सातपूर, अंबड, सिन्नरवाल्यांनो, तुमचं सगळ्यात जुनं थकलेलं बिल किती दिवसांचं आहे ते इनबॉक्समध्ये कळवा. पार्टीचं नाव नको, तुमचंही छापणार नाही. फक्त दिवस सांगा, आणि ते शक्यतो बरोबर मोजून.