पिवळी कॅप्सूल आणि करडीचं तेल

महागडी कॅप्सूल, परदेशी फूल, ढीगभर रिसर्च... आणि परभणीच्या घरातली एक दुपार. ‘नॅचरल आहे, घे बिनधास्त’ असं सहज म्हणून जाणाऱ्या प्रत्येकीसाठी!

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं म्हणतात. म्हणजे आम्ही परभणीवालेच म्हणतो! पुण्यात हे वाक्य फेकलं की समोरचा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, ‘म्हणजे नक्की कुठे गं?’ जालन्याच्या पुढे, नांदेडच्या अलीकडे, असं सांगून मी विषय संपवते. सेलू तालुक्यातलं आमचं गाव सांगायच्या भानगडीत तर मी पडतच नाही.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. ऑगस्टमध्ये माझ्या डाव्या स्तनात दुखायला लागलं. हा शब्द लिहितानासुद्धा मी दोनदा थांबले बघा. आपल्याकडे बायका ‘छातीत दुखतंय’ म्हणतात आणि समोरचा ईसीजी काढायला निघतो! लॅपटॉपच्या बॅगेमुळे असेल, असं म्हणून मी पंधरा दिवस काढले. मग एका रात्री दोन वाजता, डेडलाइन संपल्यावर, नेटवर शोधायला बसले. ती चूक तुम्हीही कधी ना कधी केली असेलच. दहाव्या मिनिटाला मला कॅन्सर झालेला होता आणि विसाव्या मिनिटाला मी मनातल्या मनात एफडी कुणाच्या नावावर करायची ते ठरवत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. काही नाही! ‘पाळीच्या आधी वाढतं ना? हार्मोनल आहे, घाबरायचं कारण नाही,’ असं म्हणून त्यांनी प्रिस्क्रिप्शन लिहिलं. इव्हिनिंग प्रिमरोज ऑइल, 1000 मिलिग्रॅम, रोज एक, तीन महिने.

काय दिसते ती कॅप्सूल! मधासारखी पिवळी, पारदर्शक, उजेडात धरली की चमकणारी. नाव तर एखाद्या परफ्यूमचं वाटावं असं. दीड महिन्यात माझं दुखणं बरंच कमी झालं आणि मी त्या कॅप्सूलची फॅन झाले. मग कळलं, आपण एकट्या नाही. एका रूममेटला ती पिंपल्ससाठी दिलेली, दुसरीला पीएमएससाठी, एका मैत्रिणीची काकू ती मेनोपॉजसाठी घेत होती. एक गोळी, शंभर आजार. कूल!

दिवाळीला घरी गेले तेव्हा आईनं विचारलंच, ‘काय खायलीस गं ते पिवळं पिवळं?’

मी फराळाच्या ताटावरून मान वर न करता म्हणाले, ‘फुलाच्या बियांचं तेल आहे. बायकांच्या सगळ्या दुखण्यांवर चालतं. एकदम नॅचरल.’

हे वाक्य लक्षात ठेवा. आपण परत त्याच्याकडे येणार आहोत.

फुलाची कुंडली

डिसेंबरमध्ये एका संपादकांनी मला हिवाळ्यातल्या त्वचेवर लेख मागितला. म्हटलं, चला, आपल्या लाडक्या कॅप्सूलवर दोन परिच्छेद लिहू. आणि मास कॉमच्या सरांनी शिकवलेलं आठवून मी या वेळी जाहिराती सोडून मूळ अभ्यास वाचायला घेतले.

पहिला धक्का : प्रिमरोज हे प्रिमरोज नाहीच! खऱ्या प्रिमरोजशी त्याचं नातं नाही आणि गुलाबाशी तर नाहीच नाही. हे उत्तर अमेरिकेतलं एक रानटी झाड. पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून ‘इव्हिनिंग’. त्याच्या बारीक बियांच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलेइक आम्ल असतं आणि आठ ते दहा टक्के गॅमा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे जीएलए. सगळा भाव आहे तो या दहा टक्क्यांचा.

फंडा असा. लिनोलेइक आम्ल आपलं शरीर बनवू शकत नाही, ते जेवणातूनच मिळवावं लागतं. मग शरीर त्याचं जीएलए करतं आणि पुढे त्यातून सूज, वेदना वगैरे आवरणारी रसायनं बनतात. डेव्हिड हॉरोबिन नावाच्या ब्रिटिश संशोधकाचं म्हणणं होतं की काही लोकांमध्ये यातली पहिलीच पायरी मंद चालते. एक्झिमा, स्तनांचं दुखणं, पाळीआधीचा त्रास, यांचं मूळ तिथे असावं. मग थेट जीएलएच पोटात दिलं तर? कल्पना खरंच सुंदर आहे. हॉरोबिन यांनी त्यावर कंपनी उभी केली आणि ब्रिटनमध्ये या तेलाची दोन औषधं रीतसर मंजूर झाली. एक्झिमासाठी एपोगॅम आणि स्तनांच्या दुखण्यासाठी एफामास्ट.

आणि 2002 मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी दोघांचेही परवाने काढून घेतले. तेल विषारी निघालं म्हणून नव्हे. गुण येतो हे पुरेसं सिद्ध होत नाही म्हणून!

मी खुर्चीत सरळ झाले. पुढचं वाचत गेले. 2013 मध्ये कॉक्रेनच्या अभ्यासकांनी एक्झिमावरच्या 27 चाचण्या एकत्र तपासल्या. एकूण 1596 रुग्ण, काहींना प्रिमरोजचं तेल, काहींना बोरेजचं. निष्कर्ष : नकली गोळीपेक्षा फार काही जास्त होत नाही. मेनोपॉजच्या गरम झळांवर 1994 ची ब्रिटनमधली चाचणी, 56 बायकांची. तिथेही नकली गोळीवर मात करता आली नाही.

बरं, माझ्या दुखण्याचं काय? 2002 चा नेदरलँड्समधला अभ्यास सापडला. तीव्र दुखणं असलेल्या 120 बायका, सहा महिने. काहींना प्रिमरोज, काहींना माशाचं तेल, आणि बाकीच्यांना तुलनेसाठी साधी तेलं, म्हणजे मक्याचं आणि गव्हाच्या अंकुराचं. कोण काय घेतंय हे ना बायकांना माहीत, ना डॉक्टरांना. दुखऱ्या दिवसांमध्ये घट झाली प्रिमरोजवाल्यांमध्ये 12.3 टक्के. आणि त्यांच्या जोडीच्या साध्या तेलवाल्यांमध्ये? 13.8 टक्के! पुढे 2005 मध्ये 555 बायकांची मोठी चाचणी आली, खुद्द एफामास्टची. उत्तर तेच.

मग मला गुण कसा आला? याचं उत्तर जरा लाजवणारं आहे. पाळीबरोबर येणारं हे दुखणं बऱ्याच जणींमध्ये काही महिन्यांत आपोआप ओसरतं. आणि ‘हे कॅन्सरचं नाही’ एवढं ऐकल्यावरच अनेकींचं अर्धं दुखणं जातं. म्हणजे माझं खरं औषध होतं ती सोनोग्राफी आणि डॉक्टरांचं ते एक वाक्य. कॅप्सूल नुसती सोबतीला होती.

आजी विरुद्ध प्रिमरोज

आता माझ्या डोक्यात लेखाचा शेवट तयार झाला. सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलेइक आम्ल आणखी कशात असतं माहितीय? आपल्या करडीच्या तेलात!

परभणीची मुलगी असून मला हे नेटवर वाचावं लागलं. परभणीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. आज त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. तिथे करडईवर वर्षानुवर्षं संशोधन चालतं आणि ‘परभणी कुसुम’ नावाचं वाण तिथलंच. खोल मुळाचं, काळ्या रानात नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येणारं हे पीक. माझ्या लहानपणी ज्वारीच्या कडेनं करडीचे तास असायचे, काटे बघून जनावरं आत शिरत नसत. काढणी भल्या पहाटे, दवानं काटे मऊ असतात तोवर, हाताला फडकी गुंडाळून. कोवळ्या पानांची भाजी, आणि भाकरीवर ठेचा घेऊन त्यावर घाण्यावरच्या तेलाची धार. पुढे सोयाबीन, कापूस आणि हरभऱ्यानं ती रानं घेतली आणि आमच्या घरातही पाकिटातलं तेल आलं.

आणि मजा ऐका. आर्केडिया बायोसायन्सेस नावाच्या अमेरिकन कंपनीनं जनुकीय बदल करून चक्क करडईच्याच बियांत जीएलए बनवून दाखवलं. म्हणजे प्रिमरोजमधली ती खास गोष्ट शेवटी आली कुठे, तर आमच्या काटेरी करडीत!

‘आजीचंच बरोबर होतं’ असा झकास शेवट मी लिहायला घेतला. असे शेवट वाचकांना आवडतात, मलाही आवडतात. पण एकदा तपासायची सवय लागली की पंचाईत होते. करडईच्या तेलावरचा सिडनीचा अभ्यास समोर आला. 1966 ते 1973 या काळात हृदयविकारातून नुकत्याच उठलेल्या 458 पुरुषांवर तो झाला. त्यांच्यातल्या एका गटाला लोणी वगैरे सोडून करडईचं तेल आणि त्याचंच मार्गरिन दिलं. सगळे आकडे नीट मांडून 2013 मध्ये ते प्रसिद्ध झाले तेव्हा दिसलं की करडईच्या गटात मृत्यू जास्त झाले होते. कमी नव्हे, जास्त. एका अभ्यासानं तेल वाईट ठरत नाही आणि भाकरीवरच्या धारेनं कुणी मरत नाही, हे खरं. पण ‘आमचं गावरान म्हणजे अमृत’ हेसुद्धा मला लिहिता येईना. परदेशी फूल असो की शेजारचं रान, ‘नॅचरल’ हा शब्द काहीच सिद्ध करत नाही.

लेख अर्धवट ठेवून संक्रांतीला घरी गेले.

फडताळातला डबा

दुपारी चहाची पूड शोधत होते. फडताळात डब्यामागे हात गेला आणि हाताला लागली एक ओळखीची स्ट्रिप. पिवळ्या कॅप्सूल. दोन रिकाम्या, एक अर्धी, एक नवीकोरी.

मी हसतच विचारलं, ‘आई, हे कुणाचं?’

‘माझंच की. मेडिकलवाल्याला तुझा कागद दाखवला, दिला त्यानं.’

‘पण तुला काय होतंय?’

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. वळली नाही. ‘तिथं गाठीसारखं लागायलंय. दुखत नाही बघ काही. तूच म्हणलीस की, बायकांच्या समद्या दुखण्यावर चालतंय.’

पाय गार पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. ‘कधीपासून?’

‘दसऱ्याच्या आसपास.’

‘आणि सांगितलं कामून नाहीस?’ माझ्या तोंडून आपोआप गावाकडचं निघालं.

‘तुझंच दुखणं चालू होतं. त्यात आणखी माझं कुठं.’

एकोणपन्नास वर्षांची माझी आई. तीन महिने ती रोज रात्री एक कॅप्सूल घेत होती आणि त्यामुळेच डॉक्टरकडे जात नव्हती. कारण उपचार तर चालू होता ना! शहरात शिकलेल्या, पेपरात लिहिणाऱ्या मुलीनं सांगितलेला उपचार. माझं दुखणं दुखत होतं म्हणून मी पळाले. तिचं दुखत नव्हतं म्हणून ती थांबली. आणि नुसतं दुखणं हे कॅन्सरचं लक्षण क्वचितच असतं, उलट न दुखणारी गाठ आधी दाखवायची असते, हे मी डिसेंबरमध्येच वाचलं होतं. लेखासाठी!

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं परभणी. मॅमोग्राफी, सोनोग्राफी. बाहेरच्या बाकावर आई शेजारच्या बाईला तिळगुळाचा पाक कसा धरायचा ते सांगत होती आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर परत परत वाचत होते. मग सर्जननी सुई घालून गाठीतलं पाणी काढलं. साधी पाण्याची गाठ. या वयात बऱ्याच बायकांना होते, असं ते म्हणाले. सहा महिन्यांनी परत दाखवायला सांगितलं. बस्स.

नशीब आमचं. पण हे नशीबच होतं, माझी हुशारी नाही. तीच गाठ दुसरी कसली असती तर ते तीन महिने मला कुणी परत दिले नसते.

परत येताना रिक्षात आई म्हणाली, ‘मग त्या उरलेल्या गोळ्यांचं काय करू? पैसे पडलेत त्याला.’

‘टाकून दे.’

‘काही अपाय होतो का?’

‘तसा नाही गं. कुणाकुणाचं पोट बिघडतं, डोकं दुखतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर मात्र विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.’

‘मग गुण काय येतो?’

‘सिद्ध झालेला नाही.’

आईनं जरा विचार केला. ‘हे दिवाळीला सांगायचं होतंस की!’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. म्हणून हा लेख.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढंच करा. पाळीआधीचं दुखणं असेल तर एकदा नीट तपासून घ्या, अंगाला बसणारी ब्रा वापरा, गरज पडली तर डॉक्टर वेदनाशामक जेल वगैरे देतील. गाठ, स्राव, त्वचेला खळी, निप्पल आत ओढलेलं, यातलं काहीही दिसलं तर दुखो न दुखो, त्याच आठवड्यात डॉक्टर. आणि आज रात्री घरी फोन कराल तेव्हा जेवलीस का, गाडी वेळेवर होती का, यानंतर आणखी एक प्रश्न विचारा. ‘तू कसल्या गोळ्या घेतेस गं? आणि कशासाठी?’

पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. परत विचारा.