वाटणीत न बसलेली गाडी

ज्या घरात वाटणी होते, त्या घरात एखादी तरी वस्तू अशी राहते की ती धड कुणाच्याच वाट्याला येत नाही. कुठं जुना पाटा-वरवंटा असतो, कुठं देवघरातली समई असते, कुठं बरोबर बांधावर उगवलेलं आंब्याचं झाड असतं. आमच्यात ती वस्तू म्हणजे राजदूत थ्री-फिफ्टी मोटारसायकल.

राजदूत म्हटलं की खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं दुधाचे कॅन अडकवलेली ती पावणेदोनशेची गाडी येते. कंपनी तीच, फरिदाबादची एस्कॉर्ट्स, पण ही गाडी वेगळी. ही मुळातली जपानच्या यामाहाची आरडी ३५०. जपानात ती १९७३ ला निघाली आणि थोड्याच वर्षांत तिच्या जागी दुसरं मॉडेल आलं. आपल्याकडं ती १९८३ ला आली. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, सहा गिअर. त्या काळात बुलेटची ताकद १८ अश्वशक्ती आणि येझदीची १६ च्या आसपास. हिची पहिली निघालेली एचटी ३०.५ ची आणि नंतरची एलटी २७ ची. एचटी म्हणजे हाय टॉर्क, एलटी म्हणजे लो टॉर्क. पण आमच्या गावात एचटी-एलटी म्हणजे विजेच्या तारा. त्यामुळं, "तुमच्या गाडीवर आकडा टाकता येतो का?" असं लोक विचारायचे.

ही गाडी आमच्या अण्णांनी १९८६ ला घेतली, दोन हंगामांच्या ऊसबिलातून. अण्णा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले. मला दहावीपर्यंत शिकवलं ते अण्णांनीच, स्वतःची शाळा चौथीत सोडून. माणूस काटकसरी, धोतराला ठिगळ लावून वापरणारा. त्या माणसानं एकदम ही गाडी का घ्यावी, हे कोडं वहिनींना शेवटपर्यंत सुटलं नाही. मला वाटतं, जन्मभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या माणसालाही एक वस्तू नुसती आपल्या जिवासाठी पाहिजे असते. अण्णांना ती हीच सापडली.

गाडी सोपी नव्हती. लिटरला पंचवीस किलोमीटर मिळाले तर नशीब. त्याच सुमाराला आरएक्स १०० आली, हलकी आणि पेट्रोलला परवडणारी. पोरं तिच्यामागं लागली. थ्री-फिफ्टीला मूळच्या जपानी गाडीचा डिस्क ब्रेक नव्हता, पुढंमागं ड्रमच. पळायची ताकद दांडगी आणि थांबायची बेताची. आरडी म्हणजे 'रॅपिड डेथ', अशी तिची बदनामी शहरात झाली. १९८९-९० च्या सुमाराला ती बंदच पडली. पण चार हजार फेऱ्यांच्या वर इंजिन गेलं, की दोन्ही नळकांड्यांतून जो आवाज फुटायचा तो ऐकायला शेतातली माणसं खुरपं खाली ठेवून उभी राहायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मला इंजिनाची विद्या आली ती विहिरीवर. वीज येण्याआधी आमच्याकडं ऑइल इंजिन होतं. आमचा कोल्हापूर भाग या बाबतीत भाग्यवान. एका अंगाला किर्लोस्करवाडी, एका अंगाला कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर. कुठलाही पार्ट मोडला तर पिशवीत घालून उद्यमनगरात जायचं, लेथवाला हातात घेऊन बघणार आणि "संध्याकाळी न्या" म्हणणार. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे मी शाळेत नाही, तिथल्या बाकड्यावर शिकलो.

थ्री-फिफ्टी १९९५ ला बसली. भर रस्त्यात डावा पिस्टन धरला. या गाडीचा हा ठरलेला आजार आहे. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. उजव्या बाजूचं सील गेलं, तर इंजिन गिअरचं ऑइल ओढतं आणि पांढरा धूर सोडतं. म्हणजे ते ओरडून सांगतं तरी. डाव्या बाजूला पॉइंट आणि वीज तयार करायचं यंत्र, तिथं ऑइल नसतं. ते सील गेलं की नुसती हवा आत येते. पेट्रोल पातळ पडतं, त्याबरोबर वंगण कमी पडतं, पिस्टन तापतो, फुगतो आणि धरतो. धूर नाही, आवाज नाही. घरातली भांडणंसुद्धा दोन प्रकारची असतात, एक धुराचं आणि एक डाव्या सीलचं. आमचं दुसऱ्या प्रकारचं निघालं.

१९९८ ला वाटणी झाली. कारण सांगण्याजोगं नाही. बांध, पाण्याची पाळी, बायकांचे शब्द, सगळीकडं असतं तेच. पंच बसले. जमीन, बैल, विहिरीतलं पाणी, भांडी सगळं वाटलं. गाडी बंद होती, म्हणून तिची किंमत कुणी धरली नाही. ती ज्या गोठ्यात उभी होती तो गोठा माझ्या वाट्याला आला आणि आरसी बुक अण्णांच्या ट्रंकेत राहिलं. गाडी माझ्याकडं, नाव त्यांचं. त्यानंतर आम्ही दोघं भाऊ एकमेकांशी बोललो नाही. बंद म्हणजे बंद. पाण्याची पाळी सांगायची तर वहिनी माझ्या बायकोला सांगायच्या. लग्नकार्यात एका मांडवात दोन टोकांना बसलो. एकवीस वर्षं हे चाललं.

२०१९ चा महापूर आमच्या भागात कुणी विसरणार नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. जनावरं सोडवून माळावर नेली, गोठा पाण्यात. आठवड्यानं परत आलो तेव्हा गाडीच्या टाकीवर गाळाचा थर आणि सीटवर बेडूक. ऊस उभ्या जागी कुजलेला. मी फावड्यानं गाळ ओढत होतो. कुडाच्या पलीकडं अण्णा त्यांचा गाळ ओढत होते. मध्येच ते थांबले आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"प्लग काढ. भोकातनं डिझेल सोड. न्हाईतर उजवाबी जाईल."

एकवीस वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. मी "व्हय" म्हणालो. दोन्ही प्लग काढले आणि डिझेल सोडलं. त्या दिवशी एवढंच झालं.

पुढच्या उन्हाळ्याआधी पोरगा पुण्याहून एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. शहरात आता या जुन्या गाड्यांना मोल आलंय. मोडक्या, गंजक्या गाडीचे त्यानं जे पैसे सांगितले, त्यात माझं सोसायटीचं निम्मं कर्ज फिटलं असतं. ऊस गेलेला, डोक्यावर कर्ज. पोरगा चुकीचं बोलत नव्हता. "बाबा, ही गाडी तुम्हाला काय देणार?" म्हणाला. पण विकायची तर फॉर्म २९ आणि ३० लागतात आणि त्यावर मूळ मालकाची सही. म्हणजे अण्णांची.

फॉर्म घेऊन मी अण्णांच्या सोप्यात गेलो. वहिनींनी पाणी दिलं. अण्णांनी चष्मा लावून फॉर्म उलटासुलटा करून बघितला.

"अण्णा, सही पायजे हुती तुमची."

"कशाला?"

"गिऱ्हाईक आलंय. पैसं निम्मं तुमचं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग फॉर्म घडी करून माझ्या हातात दिला.

"इकायला सही न्हाय मिळायची. चालू करणार असलास तर सांग. निम्मा खर्च माझा."

घरी आल्यावर पोराला सांगितलं. तो रागानं दोन दिवस जेवला नाही. त्याचा राग मला समजत होता. कर्जाचे हप्ते मी पुढची चार वर्षं फेडले, आणि हे लिहितानाही तो आकडा माझ्या डोक्यातून गेलेला नाही. हौस फुकट नसते. ज्याला वाटतं की जुनी गाडी दुरुस्त करणं म्हणजे गंमत आहे, त्यानं आधी घरातल्या माणसांचे चेहरे बघावेत.

कामाला चौदा महिने लागले, मध्ये लॉकडाउन. कारखान्याचा हप्ता जमा झाला की एक काम करायचं, मग पुढच्या हप्त्यापर्यंत थांबायचं. इंजिन मी गोठ्यातच उतरवलं. हेड उघडलं तर डाव्या सिलिंडरला नखात अडकतील असे ओरखडे. सिलिंडरचा मूळ बोअर ६४ मिलिमीटर. पहिला साइज पाव मिलिमीटरचा, पण त्यात ओरखडे निघणार नव्हते, म्हणून दोन्ही बाजू अर्ध्यावर नेल्या. एकच बोअर करून चालत नाही. एक बैल मोठा आणि एक लहान जुंपल्यासारखं होतं.

क्रँक हा खरा जिवाचा भाग. तो बोल्टांनी नाही, दाबानं जोडलेला असतो. प्रेसवर तो सुटा केला, कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग बदलले, मधलं-कडेचं सगळं नवीन घातलं आणि परत दाबला. मग डायलवर ठेवून सरळ करायचा. उद्यमनगरातला मिस्त्री तांब्याच्या हातोडीनं एक टोला मारायचा, डायल बघायचा, परत एक टोला. दोन तास हेच. काटा थाऊ-दीड थाऊच्या आत हलायला लागला तेव्हा त्यानं चहा मागवला.

रीड मात्र शाबूत निघाले. रीड म्हणजे विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हचं धाकटं भावंड. पातळ पोलादी पात्या असतात. पेट्रोल-हवा आत जाऊ देतात आणि माघारी येऊ देत नाहीत. ऑइलचा पंप लोक काढून टाकतात आणि लिटरला तीस-चाळीस मिली टूटी ऑइल टाकीतच मिसळतात. मी पंप ठेवला. अॅक्सिलेटर पिळला की त्याच वायरीबरोबर पंपही जास्त ऑइल देतो, अशी ती रचना आहे. कष्ट वाढले की वैरण वाढवायची, हे यंत्राला ज्यानं शिकवलं त्याचं डोकं मला मोडायचं नव्हतं.

अण्णा रोज चारच्या सुमाराला यायचे. पोत्यावर बसायचे. हात लावायचे नाहीत, फक्त बघायचे आणि नटबोल्ट रॉकेलमध्ये धुऊन जुन्या ताटलीत ओळीनं मांडायचे. आम्ही सीलवर बोललो, पॉइंटच्या फटीवर बोललो, पिस्टन टोकाला यायच्या दोन मिलिमीटर आधी ठिणगी का पडावी लागते यावर बोललो. बांधावर बोललो नाही. आजही बोलत नाही. बांध तिथंच आहे, पंचांनी ठरवला तिथंच. समेट म्हणजे मागचं सगळं उकरून न्याय करणं, असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, दोन माणसांना मिळून करण्याजोगं एक काम सापडलं तरी पुष्कळ आहे.

गाडी चालू झाली तरी कागद मेलेलेच होते. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आमचं २००१ ला संपलेलं. फॉर्म २५ भरला, पर्यावरण कर भरला, दंड भरला, चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं छाप काढला. साहेबांनी गाडी बघितली आणि विचारलं, "नाव बदलून घ्यायचं का?" अण्णा सोबत होते. सही करायला त्यांनी पेनसुद्धा काढलं होतं. मी म्हणालो, "नको साहेब, हाय तेच असू द्या."

आता नवीनच गंमत झालीय. पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलंय. यातलं काही इथेनॉल उसातलं, म्हणजे आमच्याच घामाचं. ऊस उत्पादक म्हणून मी त्याच्या बाजूचा, कारण कारखान्याला त्यामुळं पैसा मिळतो आणि बिल वेळेवर निघायला मदत होते. पण जुन्या गाडीला ते सोसत नाही. कार्ब्युरेटरमधलं जुनं रबर फुगतं, टाकीत ते हवेतलं पाणी ओढतं, आणि मिश्रण पातळ पडतं; म्हणजे पुन्हा तोच पिस्टन धरायचा धोका. म्हणून मी जेट एक साइज मोठा घातला, नळ्या बदलल्या, आणि गाडी उभी ठेवायची असली तर टाकी रिकामी करतो. "आपलाच ऊस आपल्याच गाडीला खातोय," अण्णा म्हणतात. मी म्हणतो, "भाऊबंदकी हाय, चालायचंच." ते हसतात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांना पूर्वीसारखी किक मारता येत नाही. किक मी मारतो.

दर पंधरा दिवसांनी आम्ही ती बाहेर काढतो. अण्णा मागं बसतात, माझ्या खांद्यावर हात ठेवून. फाट्यापर्यंत जायचं, चहा प्यायचा आणि माघारी यायचं. चौथ्या गिअरवरनं पाचव्यावर टाकताना मागून आवाज येतो, "अजून थोडी पिळ." वय झालेल्या माणसांनी असं करू नये, असं घरातले म्हणतात. खरं आहे त्यांचं. मी थोडीच पिळतो.