दोन खुणा, एक नौका

आपल्या छत्रपती संभाजीनगरहून समुद्र दूर असला, तरी जहाज शंभर किलोमीटरवरच आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे एक गलबत रंगविलेले आहे. अजिंठ्यातील पाचव्या शतकातील चित्राच्या आधारे काथ्याने फळ्या शिवून घडविलेली ‘कौंडिण्य’ ही नौका मे 2025 मध्ये कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली. ते वृत्त वाचून आम्ही उभयता लेणी पुन्हा पाहून आलो. परतताना सौ. म्हणाली, “अहो, चित्रातले जहाज किती वेळा पाहायचे? एकदा खरी नौका चालवून पाहू या.”

उत्तराध्ययन सूत्रातील चंपानगरीचा व्यापारी पालित पत्नीसह समुद्रमार्गे परतत असता वाटेतच त्याला पुत्र झाला, तोच समुद्रपाल. तेव्हा श्रावक दांपत्याने नौकेत पाऊल ठेवणे काही नवे नव्हते! जानेवारीत आम्ही गोव्याला मांडवीच्या मुखाशी पाच दिवसांच्या प्रशिक्षणास गेलो.

पहिला धडा दिशांचा. होकायंत्रातून किनाऱ्यावरची एक खूण पाहिली, की नकाशावर एक रेषा मिळते. आपण त्या रेषेवर कुठेतरी आहोत, एवढेच त्यातून कळते. दुसऱ्या खुणेची रेषा तिला छेदते, तेथे आपले स्थान. दुसरा धडा नांगराचा. दोर-साखळी पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट सोडावी, म्हणजे ओढ आडवी बसते आणि नांगर तळात रुततो.

चौथ्या दिवशी नांगर टाकण्याचे काम आमच्यावर सोपविले गेले. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे, म्हणून मला घाई होती. सौ. पुढे नाळेवर, मी सुकाणूवर. खोली 4 मीटर. मी हिशेब केला, 20 मीटर दोर पुरे. नांगर टाकून तिने रेइस मागोसच्या किल्ल्यावर नजर ठेवली. मी समोरच्या आग्वादच्या दीपस्तंभावर.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “अहो, आपण सरकतोय.”

माझे होकायंत्र 293 अंशांवरून हलले नव्हते. “मला दिसत नाही का? नौका जागच्या जागी आहे!” मी खेकसलो. ती काही बोलली नाही. तिने वही पुढे केली. दर दहा मिनिटांच्या नोंदी होत्या: 58, 56, 53. मागे वळून पाहिले, तो नांगरलेला मच्छीमारी ट्रॉलर बराच जवळ आला होता.

वारा दीपस्तंभाच्या दिशेने येत होता. नौका त्याच रेषेवरून सरळ मागे घसरत होती, म्हणून माझा आकडा बदलतच नव्हता. माझे निरीक्षण चुकीचे नव्हते, पण ते एकांगी होते. आडव्या बाजूची तिची खूण नसती, तर आम्ही ट्रॉलरवर आदळलो असतो.

इंजिन सुरू करून नांगर उचलला आणि हिशेब पुन्हा मांडला. भरतीचा दीड मीटर आणि पाण्यापासून नाळेपर्यंतचा एक मीटर मी धरलाच नव्हता. साडेसहाचे पाचपट म्हणजे साडेबत्तीस. आयुष्यभर इतरांच्या ताळेबंदातील चुका शोधणाऱ्या माझ्या हातून दोन रकमा सुटल्या होत्या! या वेळी 33 मीटर दोर सोडला आणि इंजिन उलटे चालवून नांगर घट्ट रुतविला. त्या कामात दोघेही हातांच्या खुणांनीच बोललो. दोन्ही आकडे स्थिर झाले.

सूर्य अजून वर होता. डबा उघडताना मी म्हणालो, “मिच्छामि दुक्कडं.” पर्युषणाला किती तरी महिने होते. ती हसून म्हणाली, “आधी जेवा, ऊन उतरतेय.”

अनेकांतवाद प्रवचनांतून असंख्य वेळा ऐकला होता. छत्तीस वर्षांच्या संसारात तिचे म्हणणे मी किती वेळा माझ्या एका रेषेवरून खोटे ठरविले असेल, हा हिशेब मात्र त्या संध्याकाळी प्रथमच मांडला. तो अद्याप जुळलेला नाही.