धुतलेले मीठ

सुखी आयुष्य म्हणजे काय, असा प्रश्न परीक्षेत घातला तर आमची मुले तो पाच गुणांत निकालात काढतील. घर, नोकरी, आरोग्य आणि चार माणसांत मान! उत्तर चूक नाही. पण लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवायला घेतली, की हेच उत्तर अपुरे वाटू लागते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांचे सोवळे इतके कडक, की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुतले जायचे. आता मीठ धुतल्यावर हाती काय उरत असेल, ते गृहिणींनीच सांगावे! अशा घरच्या मुलीला नवरा मिळाला तो कवी नारायण वामन टिळक. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी सोबत नव्हती. तिच्यावर आकाशच कोसळले. पुढची काही वर्षे लहान मुलाला घेऊन ती नातलगांच्या आधाराने राहिली. त्यांतला काही काळ तर पंढरपुरात, विठोबाच्या सावलीत गेला.

आणि मग एक दिवस ती नवऱ्याकडे परत गेली. ख्रिस्ती होऊन नव्हे, हिंदू म्हणूनच.

इथे वर्गात हटकून चुळबूळ होते. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, धर्म त्यानं सोडला. मग तिनं का म्हणून जायचं?”

प्रश्न रास्त होता. नवऱ्यामागे मुकाट जाणे म्हणजेच प्रेम, असे मी तिला सांगितले असते तर तिला ते पटले नसते आणि ते खरेही नव्हते. लक्ष्मीबाई मुकाट राहणाऱ्या नव्हत्याच. नवऱ्याशी त्या कडाकडा भांडत आणि त्याच्या विक्षिप्तपणावर पोटभर हसत. सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ त्यांनी स्वतः विचार करून सोडली आणि १९०० साली स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. म्हणजे प्रेम आधी आले, धर्म मागून.

मग ख्रिस्ती श्रद्धेने त्यांना वेगळे काय दिले? मला वाटते, आपल्या माणसांची व्याख्या रुंद करून दिली. निराधार मुले त्यांच्या घरात वाढली. बालकवी ठोंबरे अहमदनगरला त्यांच्या घरी पोटच्या मुलासारखे राहिले. त्यांना कोणी धर्म बदलायला लावला नाही. स्वतः टिळकही आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे सांगत. पलीकडच्या तीरावर पोहोचल्यावर त्यांनी तो पूल मोडला नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे पुरे केले ते शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईनेच.

आमचे मुखेड सीमेवरचे. बाजारात मराठीबरोबर कानडी, तेलुगू, उर्दू, गोरमाटी कानी पडते. मिरचीचा भाव करताना कोणी कोणाची जात विचारत नाही. पण मुलाने किंवा मुलीने जातीबाहेर लग्न केले, की बापाच्या घराचे दार लागते. आई मात्र त्या दारामागे उभी राहून पावलांचा कानोसा घेत असते. हे काही एकट्या मुखेडचे नाही; पुण्यामुंबईच्या फ्लॅटांनाही दारे असतातच!

येशूने आपल्या शिष्यांना मिठाची उपमा दिली होती. मीठ अन्नात विरघळते, तेव्हाच त्याचे काम होते. आपण मात्र ते धूत बसतो; आणि शुद्ध राहिल्याचे समाधान मिळते खरे, पण जेवण अळणी होते. चांगले आयुष्य कुठल्या देवळात सापडते, हे मला सांगता येणार नाही. पण वाचकहो, या दिवाळीत दारामागे अशी एखादी आई उभी असेल, तर कडी काढायला तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही, एवढे मात्र मी खात्रीने सांगेन.