ॲटिकमधलं फुलपाखरू

१९९५ साली आम्ही हौसेने आयबीएमचा थिंकपॅड ७०१ घेतला. झाकण उघडलं की कीबोर्डचे दोन तुकडे सरकून फुलपाखरासारखे पसरायचे! यंदा चिरंजीवांनी तो ॲटिकमधून काढला. “बाबा, ह्यात नवा मदरबोर्ड घालून गेमिंग कॉम्प्युटर करतो.”

आमच्या पोटात गोळा! आईला लिहिलेली सारी पत्रं त्याच्या हार्ड डिस्कवर होती, आणि आई तर २००३ मध्येच गेली. त्याने आधी ती उतरवली. मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसली; जुना फॉन्ट डिस्कवरच सापडला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

मग ४८६ प्रोसेसर, ६४० बाय ४८०चा पडदा, सगळं बाहेर निघालं. कीबोर्ड मात्र राहिला. तो नव्या बोर्डाला जोडण्यातच दोन महिने गेले.

आता नातू त्यावर राक्षस मारतो. आम्ही शेजारी बसून छापून घेतलेली पत्रं वाचतो.