उमरठच्या डोहाकाठी एक दुपार

पोलादपूरहून घाटाकडे निघालात, तर उमरठला आपण बहुधा नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीचे दर्शन घेण्यास जाल. तेथे शेलारमामांचीही समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर पडलेल्या तानाजींचा देह मढे घाटाने या गावी आणला, असे परंपरा सांगते. माघातील पुण्यतिथीला येथे गर्दी लोटते. मात्र दर्शन झाल्यावर लगेच गाडीकडे वळू नका. थोडे खाली नदीकडे चला.

पावसाळ्यात दगडधोंडे लोळवीत नेणारे इकडचे पाणी माघात अगदी शहाण्यासारखे वागते. प्रवाह बारीक होतो आणि खडकांच्या पोटात हिरवे डोह उरतात. इकडे त्यांना कोंड म्हणतात. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तेथील महसीर मासे देवीचे मानले जातात व त्यांना कोणी धरीत नाही. (सरकारी फलकापेक्षा देवीचा धाक अधिक चालतो, हे आरोग्य खात्यानेही ध्यानात घ्यावे.) आमचा डोह असा मानाचा नव्हे. तेथे मळ्ये लागतात, नशीब असेल तर वाम.

माझे मित्र निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचे साहित्य साधे: बांबूची काठी, दोरा, गळ, तरंगण्यासाठी मोरपिसाची दांडी आणि नारळाच्या करवंटीत ओल्या मातीतली गांडुळे. दोन तास आम्ही फारसे बोललो नाही. दवाखान्यात दिवसभर बोलणाऱ्या माणसाला ही चैन वाटते. दांडी हलण्यापूर्वीच गुरुजी म्हणत, “आला बघा, डॉक्टर.” दोऱ्याचे कंपन त्यांच्या बोटांना आधी कळे.

तिसरा मासा काढून ते उठले, तेव्हा कोरड्या कातळावर त्यांच्या उजव्या पावलाचे लाल ठसे उमटले. टाचेपुढे कातळाच्या धारेने बोटभर चिरले होते.

“दुखत नाही?”

“कशाने? काही लागलेलेच नाही.”

वाचकहो, ज्या माणसाला माशाचे हलके टोचणे कळते, त्याला स्वतःचा तळवा फाटलेला कळू नये! गुरुजींना बारा वर्षे मधुमेह आहे. दीर्घकाळ वाढलेली साखर मज्जातंतूंना इजा करते आणि बहुधा सर्वांत लांब तंतूंची टोके आधी बधिर होतात. म्हणून पाय आधी जातात, हात पुष्कळ काळ शाबूत राहतात. वेदना नसल्याने जखमेकडे लक्ष जात नाही, ती चिघळते, आणि कधी बोट, कधी पाऊल गमावावे लागते.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितले. दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटे व करंगळ्या अशा सहा ठिकाणी तर्जनीचे टोक एक-दोन सेकंद अलगद टेकवले, दाबले नाही. स्पर्श कळला की त्यांनी सांगायचे. सहापैकी दोनच कळले. दोन किंवा अधिक ठिकाणचा स्पर्श न कळणे ही धोक्याची खूण आहे. ही तपासणी घरातील कोणीही करू शकते. आपल्या घरी मधुमेही वडीलधारे असतील, तर आज रात्रीच करून पाहा, आणि खूण आढळली तर डॉक्टरांना पाय दाखवा.

पिण्याच्या पाण्याच्या बाटलीने जखम धुतली, स्वच्छ रुमाल बांधला आणि गुरुजींना खांद्याचा आधार देत वर आणले. कुरकुर चालूच होती, “एवढ्याशा ओरखड्यासाठी!” दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. वहिनींना रोज तळवा पाहण्याचे काम लावले. स्वतः पाहायचा तर जमिनीवर आरसा ठेवून पाहता येतो. अनवाणी चालणे, अंगणातसुद्धा, बंद.

जखम भरायला तेवीस दिवस लागले. तोवर त्यांची काठी माझ्या ओसरीवर उभी होती. रोज संध्याकाळी ड्रेसिंगला आले की आधी तिच्याकडे पाहत, मग पाय पुढे करीत.